प्लेथोरा, गलोर की प्रोफ्यूजन? 'भरपूर' म्हणायला कोणता इंग्रजी शब्द घ्यावा

कासजवळच्या होमस्टेचं माहितीपत्रक असो, तासगावहून परदेशी खरेदीदाराला जाणारा बेदाण्याचा मेल असो, की कराड-सांगलीच्या क्लासमध्ये लिहिलेला आयईएलटीएसचा, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचा, निबंध असो. 'भरपूर' म्हणायची वेळ आली की हमखास 'प्लेथोरा' लिहिला जातो. शब्द भारदस्त आहे, पण या तिन्ही ठिकाणी तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी बसतो. इंग्रजीत भरपूरपणाचे शब्द पुष्कळ आहेत. प्रत्येकाची वाक्यातली जागा ठरलेली असते आणि प्रत्येकाचा सूरही वेगळा असतो. नुसता अर्थ पाठ करून भागत नाही.

'प्लेथोरा'चं मूळ ग्रीक आहे, अर्थ 'भरलेपणा'. इंग्रजीत तो आला वैद्यकाच्या वाटेनं. अंगात रक्त प्रमाणाबाहेर वाढणं, या विकाराला हे नाव होतं. आजही रक्तानं तटतटलेल्या लालबुंद चेहऱ्यासाठी डॉक्टर हाच शब्द वापरतात. त्यामुळे 'गरजेपेक्षा जास्त' ही छटा त्याला चिकटून राहिली. आता कितीतरी लोक तो नुसत्या 'खूप' या अर्थानं लिहितात आणि शब्दकोशांनीही तो वापर नोंदवला आहे. तरी चोखंदळ वाचकाला त्यात आधी 'अती' ऐकू येतं.

म्हणून आमची पहिली कसोटी मराठीतूनच. वाक्यात 'सुळसुळाट' किंवा 'भडिमार' शोभत असेल तर प्लेथोरा बिनधास्त लिहा. चौकाचौकातले फ्लेक्स, एकाच कामासाठी भरायचे पाच फॉर्म, फोनमधली नको इतकी ॲप्स यांना तो चपखल बसतो. पण जिथे मनात 'रेलचेल' किंवा 'लयलूट' येते, तिथे प्लेथोरा लिहिलात तर कौतुकात तक्रारीचा सूर मिसळतो.

व्याकरणात तो अडवतो तो तीन ठिकाणी. एक, त्याच्या आधी 'अ' (क्वचित 'द') आणि नंतर 'ऑफ' लागतो. 'प्लेथोरा फ्लॉवर्स' असं होत नाही. दोन, पुढचं नाम शक्यतो मोजता येणारं आणि अनेकवचनी हवं. 'अ प्लेथोरा ऑफ ऑप्शन्स' ठीक, 'अ प्लेथोरा ऑफ वॉटर' कानाला खटकतं. 'इन्फर्मेशन'सोबत तो सर्रास दिसतो, पण तिथे 'अ वेल्थ ऑफ' जास्त चांगला. तीन, क्रियापद. 'अ प्लेथोरा ऑफ ऑप्शन्स इज' की 'आर'? अर्थ अनेकवचनी असल्यानं 'अ लॉट ऑफ'सारखंच 'आर' चालतं आणि तेच जास्त रुळलेलं आहे. 'इज' लिहिणारेही आहेत. वाद नको असेल तर शब्द कर्त्याच्या जागेवरून हलवा: 'स्टुडंट्स फेस अ प्लेथोरा ऑफ ऑप्शन्स.' क्रियापद विद्यार्थ्यांशी जुळलं, प्रश्न मिटला. 'ह्यूज प्लेथोरा' मात्र कधीच नको, कारण तो शब्द मुळातच मोठा आहे. आणि तीन-चार वस्तूंनाही तो लावू नये.

'गलोर'चं सगळं याच्या उलट. तो आयरिश भाषेतून आला. तिथल्या 'गो लोर' या जोडशब्दाचा अर्थ 'पुरेसं, भरपूर', आणि तिथेही तो नामाच्या मागून येऊ शकतो. इंग्रजीत तर तो मागूनच येतो: 'स्ट्रॉबेरीज गलोर'. 'गलोर स्ट्रॉबेरीज' चूक, 'गलोर ऑफ स्ट्रॉबेरीज' चूक, 'व्हेरी गलोर' तर पूर्णच चूक. एकवचनी मोजता येणाऱ्या नामालाही तो लागत नाही. 'अ हॉटेल गलोर' म्हणता येत नाही, 'हॉटेल्स गलोर' म्हणता येतं. सूर खेळकर, जाहिरातीचा, बातमीच्या मथळ्याचा. आपल्याकडच्या 'चिक्कार' किंवा 'रग्गड'च्या जवळ जाणारा. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावरच्या स्टॉलच्या पाटीवर तो मजेत बसतो. बँकेला लिहिलेल्या कर्जाच्या अर्जात किंवा प्रबंधात तो नको.

'प्रोफ्यूजन' हा आमच्या मते साताऱ्याच्या लेखणीला सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित शब्द. लॅटिनमधल्या 'ओतणं' या क्रियापदातून तो आला, त्यामुळे त्यात उधळण आहे, पण 'नकोसं झालं' हा भाव नाही. फुलं, रंग, वेली, केस यांना तो फार शोभतो. 'इन प्रोफ्यूजन' हा त्याचा सगळ्यात सोपा साचा. तो क्रियापदानंतर येतो आणि एकवचन-अनेकवचनाची भानगड उरत नाही.

एक नेहमी दिसणारं वाक्य घेऊ: 'वुई हॅव अ प्लेथोरा ऑफ ब्युटिफुल फ्लॉवर्स अँड प्लेथोरा ऑफ पार्किंग.' दुसऱ्या प्लेथोराचा 'अ' गळला आहे. पार्किंग मोजता येणारं नाम नाही. 'वुई हॅव'मुळे फुलं होमस्टेच्या मालकीची वाटतात. आणि एकच भारी शब्द दोनदा आल्यानं त्याचं वजन गेलं. हेच असं लिहून पाहा: 'फ्रॉम लेट ऑगस्ट टू अर्ली ऑक्टोबर, वाइल्ड बाल्सम ब्लूम्स इन प्रोफ्यूजन ऑन द प्लॅटो. पार्किंग फॉर टेन कार्स.' महिना कळला, तेरडा कळला, गाड्या किती मावतील तेही कळलं. आकडा द्यायचा नसेल तर पार्किंगसाठी 'अँपल' घ्या. त्याचा अर्थ 'पुरून उरेल इतकं', म्हणजे आपलं 'मुबलक'.

कासच्या बाबतीत आणखी एक फरक जपावा. एकाच फुलाचा गालिचा पसरला असेल तर प्रोफ्यूजन. पठारावर सपुष्प वनस्पतींच्या ८५० हून अधिक जाती आहेत, असं सांगायचं असेल तर मुद्दा विविधतेचा होतो. तिथे 'अ वेल्थ ऑफ स्पीशीज' म्हणा. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. त्यानंतरची गर्दी इतकी की रोजच्या प्रवेशाला मर्यादा घालावी लागली. त्या गर्दीसाठी 'अ प्लेथोरा ऑफ टूरिस्ट्स' मात्र अगदी नेमका.

'कॉर्न्युकोपिया'चा मक्याशी काही संबंध नाही. लॅटिनमध्ये 'कॉर्नु' म्हणजे शिंग. ग्रीक पुराणात बाळ झ्यूसला दूध पाजणाऱ्या अमाल्थिया शेळीचं शिंग फळाफुलांनी कायम भरलेलं असे, त्यावरून हा शब्द. शिंगात नाना परींच्या वस्तू असल्यानं शब्दालाही विविधता लागते. नुसत्या हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या गोदामाला तो लावू नये. ज्वारी, शेंगा, द्राक्षं, गूळ, भाज्या एकत्र दिसणाऱ्या आठवडी बाजाराला लावला तर शोभेल. शब्द अलंकारिक आहे; एका लेखात एकदा, तोही लेखाचा सूर तसा असेल तरच.

व्यापारी पत्रात खरं नुकसान होतं ते इथे. 'वुई हॅव अ प्लेथोरा ऑफ रेझिन्स' किंवा त्याहून वाईट म्हणजे 'देअर इज अ ग्लट' असं लिहिलं की परदेशी खरेदीदार त्याचा सरळ अर्थ घेतो: बाजारात आवक जास्त आहे, माल अडकला आहे, दर पाडून मागा. 'ग्लट' हा बाजारातल्या अतिरिक्त मालाचाच शब्द आहे. तो बातमीत, अहवालात, अनुदानाच्या मागणीत वापरावा. विक्रीच्या मेलमध्ये कधीही नाही. पीक जोमदार आलं एवढंच सांगायचं असेल तर 'बंपर क्रॉप', म्हणजे आपलं 'भरघोस'. पण तोही दर ठरायच्या आधी जपून. विक्रीच्या मेलमध्ये भरपूरपणाचं विशेषण नकोच. किती टन, हिरवा की पिवळा, ओलावा किती टक्के, बॉक्स किती किलोचा, कोणत्या महिन्यात पाठवता येईल, एवढं लिहा. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेही लिहा. या माहितीपुढे कोणत्याही लॅटिन-ग्रीक शब्दाचा टिकाव लागत नाही.

परीक्षार्थींनी वेगळा हिशेब करावा. आयईएलटीएसच्या लेखनात शब्दसंपदा हा चार निकषांपैकी एक, म्हणजे पाव हिस्सा. सात बँडसाठी (बँड म्हणजे या परीक्षेतली गुणश्रेणी) कमी प्रचलित शब्द वापरताना शैली आणि शब्दांची जोडी यांचं काहीएक भान दिसावं लागतं. म्हणजे 'प्लेथोरा' लिहिल्याचे गुण नाहीत, तो योग्य नामाला जोडल्याचे आहेत. दुसऱ्या प्रश्नात किमान २५० शब्द लिहायचे असतात. त्यात तो एकदा पुरे, आणि समस्या मांडणाऱ्या परिच्छेदात. फायदे सांगताना 'अ वाइड रेंज ऑफ' किंवा 'इन अबंडन्स' घ्या. 'अबंडन्स' कुठेही चालतो: पाणी, ऊन, धान्य, वेळ. शंका असेल तेव्हा तोच. 'प्लेंटी ऑफ' बोलण्यातला, पण बरोबर. मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोन्ही नामांना लागतो.

उरलेले थोडक्यात. 'कोपियस' पाऊस, घाम, अश्रू आणि वहीतल्या नोट्स यांना, माणसांना नाही. 'मिरिअड' मूळचा दहा हजारांचा ग्रीक आकडा, आता अगणित या अर्थी. 'मिरिअड रीझन्स' आणि 'अ मिरिअड ऑफ रीझन्स' दोन्ही बरोबर. 'सर्फिट' म्हणजे ओकारी येईल इतकं, त्यामुळे स्तुतीत कधीही नको. 'स्पेट' पुराचा शब्द: ऑगस्ट २०१९ मधली कृष्णा 'इन स्पेट' होती, आणि एकापाठोपाठ झालेल्या चोऱ्या म्हणजे 'अ स्पेट ऑफ थेफ्ट्स'. चांगल्या गोष्टींना तो सहसा लागत नाही.

बोलताना आघात जपा. प्लेथोरा लिहितो तसा म्हणत नाहीत: जोर पहिल्या 'प्ले'वर, पुढचा 'ओ' जवळजवळ गिळलेला, 'प्लेथरा'. गलोरमध्ये जोर 'लोर'वर, 'गॅलोर' नाही. प्रोफ्यूजनमध्ये 'फ्यू'वर, कॉर्न्युकोपियामध्ये 'को'वर. मुलाखतीत उच्चाराची खात्री नसेल तर 'प्लेंटी ऑफ' म्हणून पुढे जावं.