पायऑटोगुई की पायविनऑटो?

टीममधल्या नव्या मुलीचा प्रश्न: विंडोजवरच्या बिलिंग ॲपच्या टेस्ट पायथनने चालवायच्या, तर स्क्रीनवरची बटणं आपोआप दाबणाऱ्या या दोन पायथन लायब्ररींतलं कुठलं घेऊ? दोन्ही फुकट, तेव्हा पैशाचा प्रश्न मिटला.

शिकायला पायऑटोगुई सोपं. पण ते चालतं पिक्सेलच्या हिशोबावर. डिस्प्ले स्केलिंग १०० वरून १२५ टक्के केलं, की ‘सेव्ह’ बटण जागचं हलतं आणि क्लिक भलतीकडेच पडतो. (माउस कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते, ही सोय मात्र झकास.)

पायविनऑटो बटणाला नावाने शोधतं. सुरुवातीला ‘विन३२’ की ‘यूआयए’ बॅकएंड (ॲपमधली बटणं शोधायची आतली पद्धत), यात डोकं शिणतं. डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोज ॲप बांधायची मायक्रोसॉफ्टची एक चौकट) बनवलेलं ॲप असेल तर यूआयए. पुढे डागडुजी कमी.

रोजच्या रिग्रेशनला (नव्या बदलाने जुनं काही मोडलं का, हे पाहणाऱ्या टेस्ट) पायविनऑटोच. मॅक-लिनक्सवरही चालवायचंय, किंवा बटणं नुसती चित्रासारखी रंगवलेली आहेत? मग पायऑटोगुई.