कुत्रीसोबत स्वस्तातल्या लॉजवर: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून या मेपर्यंत भुरीला घेऊन आम्ही दोघं ११ ठिकाणी राहिलो, एकूण २३ रात्री. भुरी चार वर्षांची, १८ किलोची गावठी कुत्री. नसबंदी झालेली, लसींचं कार्ड कायम गाडीच्या कप्प्यात. आमचं बजेट रात्रीला १,२०० ते १,८०० रुपये. कुत्र्याला वेगळी गादी आणि वाढदिवसाला केक देणारी रिसॉर्टंही असतात. त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही, तो आमचा खिसा नव्हे.

बुकिंग ॲपवर 'पेट्स अलाउड' लिहिलेलं असतं, त्यावर पहिले दोन महिने माझा विश्वास होता. काउंटरवरच्या मुलाला त्याचा पत्ताही नसतो. तो भुरीकडे बघतो, मालकाला फोन लावतो, आणि मालक विचारतो, "कुठला कुत्रा आहे?" खरी गोम इथे आहे. लॅब किंवा पॉमेरेनियन असेल तर चालतं. 'गावठी' म्हटलं की आवाज बदलतो. साताऱ्याजवळ एका लॉजवर आमच्या डोळ्यांदेखत एक लॅब्रेडॉर लिफ्टने वर गेला, आणि आम्हाला सांगितलं, "घाण करतात हो." तो लॅब जितके केस गाळत होता तितके भुरीच्या अंगावरही नसतील. पुढच्या ठिकाणी नवऱ्याने वैतागून "इंडियन परिया ब्रीड आहे" (म्हणजे गावठीच) असं इंग्रजी वजनात सांगितलं. खोली लगेच मिळाली, वर 'फार महाग असेल ना?' हेही विचारून झालं.

सगळ्यात वाईट रात्र जुन्नरची. फोनवर हो म्हणाले, पोचल्यावर म्हणतात, "खाली पार्किंगमध्ये बांधा, वॉचमन असतो." जुन्नर तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, रात्रभर कुत्री उघड्यावर बांधायची! बिबट्यांसाठीचं माणिकडोहचं निवारा केंद्र याच तालुक्यात आहे, ते काय उगीच? बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. वॉचमन स्वतः कडी लावून झोपत होता. आम्ही तिघं गाडीत झोपलो, ॲडव्हान्सचे ५०० रुपये गेले.

तेव्हापासून मी फोनवर 'कुत्रा चालेल का' असं विचारतच नाही. "गावठी कुत्री आहे, १८ किलोची, आमच्यासोबत खोलीत झोपेल, चालेल?" असं एका दमात विचारते. समोरचा दोन सेकंद गप्प बसला तर पुढचा नंबर. दुसरा प्रश्न तळमजल्याच्या खोलीचा. गुळगुळीत ग्रॅनाइटचे जिने भुरी चढत नाही, आणि रात्री दोनला तिला शूला न्यायचं तर उचलून खाली आणावं लागतं. हे मी दोनदा केलंय. कंबरेला विचारा.

कोकणात मात्र गणित वेगळं निघालं. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, पलीकडे वेश्वीला उतरायचं आणि केळशी, आंजर्ल्याकडे निघायचं. या पट्ट्यात 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशा पाट्या दिसतात, खाली मोबाइल नंबर रंगवलेला. यातली बरीच घरं ॲपवर सापडत नाहीत. लॉजपेक्षा हीच बरी. खोलीचं दार थेट अंगणात उघडतं, आणि हो की नाही ते घरातली बाईच सांगते, मालकाला फोन नाही.

केळशीजवळच्या काकूंकडे आम्ही तीनदा गेलो. पहिल्याच सकाळी भुरीने पट्टा सोडवून त्यांची कोंबडी धरली. चूक शंभर टक्के माझी, गाठ सैल होती. मी पैसे पुढे केले तर काकू म्हणाल्या, "पैशाचं राहू दे हो, पण ती अंड्यांवर बसली होती." त्या वाक्याने मला जेवण गेलं नाही. ५०० रुपये डब्याखाली ठेवून आले, ते पुढच्या खेपेला त्यांनी बिलातून वजा केले.

आंजर्ल्याला घरमालकांनी एकच अट घातली, संध्याकाळनंतर कुत्री किनाऱ्यावर न्यायची नाही. आधी मला हा जाच वाटला. मग कळलं, हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, एकेका घरट्यात शंभरेक अंडी, आणि कुत्री ती उकरून खातात. कोंबडीनंतर भुरीच्या वतीने बोलायला मला तोंडच नव्हतं.

खाण्याचं सांगते. भुरीला कांदा-लसूण चालत नाही, कांदा कुत्र्यांना विषारी असतो. एका हॉटेलात "बिनकांद्याचं, बिनमसाल्याचं, नुसतं उकडलेलं चिकन आणि भात" सांगितल्यावर आचारी बाहेर येऊन म्हणाला, "जैन चिकन?" आता मी छोटा कुकरच नेते.

वाडीत गुरं असली की गोचीड आलेच. रोज रात्री कानामागे आणि बोटांच्या मधे बॅटरी मारून बघते, तरी मार्चमध्ये तिला गोचीड ताप आला, प्लेटलेट्स उतरल्या, महिनाभर गोळ्या. हा खर्च राहण्याच्या खर्चात धरलाच पाहिजे. कुत्रीचे जादा पैसे म्हणाल तर लॉजवाल्यांनी रात्रीला ३०० ते ५०० घेतले. जुनी चादर आपली नेली आणि निघताना केस झाडून काढले तर दोन ठिकाणी परतही मिळाले.

पावसाळ्यात कोकण बंद. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, लस दिलेली असली तरी साचलेल्या पाण्यातून तिला न्यायचं धाडस होत नाही. दिवाळीनंतरसाठी परवा काकूंना फोन केला. "भुरी येत्ये ना? कोंबड्या कोंडून ठेवीन," म्हणाल्या. भाडं मात्र २०० रुपयांनी वाढलंय.