आधी वही, मग डीडब्ल्यूसिम

केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी रिॲक्शन इंजिनिअरिंग शिकवते. पूर्वी आमच्या लॅबमध्ये रासायनिक प्रक्रिया संगणकावर चालवून बघायचं एक महागडं सॉफ्टवेअर (सिम्युलेटर) होतं: लायसन्स दहा, पोरं साठ. आता दोन वर्षं डीडब्ल्यूसिम हे तसंच सॉफ्टवेअर वापरतेय. फुकट आहे, मुक्त आहे, पोरांच्या लॅपटॉपवर चालतं, लिनक्सवरसुद्धा. जन्म ब्राझीलचा, आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने त्याचा प्रसार केला.

पहिलं प्रॅक्टिकल ठरलेलं. इथिलीन ऑक्साइड, भरपूर पाणी, 55 अंश, 90 टक्के कन्व्हर्जन, म्हणजे इथिलीन ऑक्साइडचा तेवढा भाग रिॲक्शनमध्ये संपला पाहिजे. पहिल्या ऑर्डरची रिॲक्शन (वेग उरलेल्या मालाच्या प्रमाणात) धरली तर के (वेगाचा स्थिरांक) गुणिले टाउ (माल आत राहण्याचा वेळ) एका सीएसटीआरला, म्हणजे सतत ढवळलेल्या टाकीला, 9 येतं; पीएफआरला, म्हणजे नळीसारख्या रिॲक्टरला, 2.3. म्हणजे टाकी नळीच्या जवळजवळ चौपट. तीन सारख्या टाक्या ओळीने लावल्या तर तिन्हींचं मिळून 3.46. हे आकडे वहीत आल्याशिवाय मी माउसला हात लावू देत नाही.

यंदा मागच्या बाकावरून हाक आली, "मॅडम, वहीत नव्वद येतंय, इथे येतच नाही!" जाऊन पाहिलं. के बरोबर, व्हॉल्यूम बरोबर, मिनिटाचे सेकंदही केलेले (ते विसरलं की के साठपट चुकतो, आणि दरवर्षी कुणीतरी विसरतंच). फीडचा, म्हणजे आत जाणाऱ्या मालाचा, दाब मात्र आपोआप येणारा 101325 पास्कल तसाच सोडलेला. इथिलीन ऑक्साइड 10.7 अंशांना उकळतं! बराचसा माल वाफेत, रिॲक्शन द्रवात. दाब 20 बार केला आणि आकडा वहीच्या जवळ आला. वहीतल्या गणिताने दाब कधी विचारलाच नव्हता. माझ्या मते एवढ्यासाठी तरी हे सॉफ्टवेअर लॅबमध्ये हवंच.

पण ॲडियाबॅटिक (बाहेरून उष्णता न देता-घेता चालणारा) सीएसटीआर शिकवताना जपून. उष्णता सोडणाऱ्या रिॲक्शनला एकाच फीडवर कधीकधी तीन स्टेडी स्टेट (टाकी न बदलता चालू राहू शकेल अशा स्थिती) निघतात. सॉफ्टवेअरमधला गणित सोडवणारा सॉल्व्हर एक आकडा देऊन मोकळा होतो. तो विझलेल्या (थंड, रिॲक्शन जेमतेम) टाकीचा की पेटलेल्या (गरम, रिॲक्शन जोरात), हे सांगत नाही. पोरं तोच खरा मानून रिपोर्टला चिकटवतात. म्हणून तयार होणाऱ्या उष्णतेचा एस आकाराचा वक्र आणि त्याला छेदणारी, बाहेर जाणाऱ्या उष्णतेची सरळ रेघ मी अजून आलेखाच्या कागदावरच काढून घेते, पेन्सिलने.

डीडब्ल्यूसिमला माझे गुण: पाचपैकी चार.