बिल्ड हळू चालतोय: आधी डॉकरइग्नोर की मल्टी-स्टेज?

डॉकर इमेजचा (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेल्या पॅकेजचा) बिल्ड रेंगाळतोय म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. नको असलेल्या फाइल्स ‘.डॉकरइग्नोर’मध्ये (बिल्डमधून काय वगळायचं त्या यादीत) टाका, नाहीतर डॉकरफाइल, म्हणजे इमेज बनवायच्या पायऱ्यांची फाइल, मल्टी-स्टेज (अनेक टप्प्यांची) करा. सल्ले दोन्ही बरोबर आहेत, पण दुखणी वेगळी आहेत. म्हणून आधी बिल्डचा लॉग उघडा आणि वेळ कुठे जातोय ते बघा.

लॉगच्या सुरुवातीला ‘ट्रान्सफरिंग कॉन्टेक्स्ट’ अशी ओळ दिसते; कॉन्टेक्स्ट म्हणजे बिल्डसाठी बिल्डरला दिलेला फोल्डर. कोड जेमतेम 2 एमबी आणि तिथे 800 एमबी दिसत असेल, तर काम डॉकरइग्नोरचं आहे. जुना बिल्डर अख्खा फोल्डर उचलून पाठवायचा. डॉकर इंजिन 23.0 पासून लिनक्सवर डीफॉल्ट झालेला नवा बिल्डर बिल्डकिट लागतील तेवढ्याच फाइल्स मागवतो, त्यातही मागच्या खेपेनंतर बदललेल्याच. पण डॉकरफाइलमध्ये ‘कॉपी . .’ (अख्खा फोल्डर इमेजमध्ये घ्या) असेल तर त्याला सगळंच लागतं. आणि सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेवर, दर वेळी कोरा रनर (मशीन) मिळत असेल तर मागची खेप नसतेच.

खरा फायदा मात्र कॅशेचा, म्हणजे न बदललेल्या पायऱ्यांचा जुना निकाल पुन्हा वापरण्याचा आहे, आणि तो बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कोडचा इतिहास ठेवणारा ‘.गिट’ फोल्डर प्रत्येक कमिटला बदलतो. तो कॉन्टेक्स्टमध्ये असला की नुसतं रीडमी सुधारून कमिट केलं तरी ‘कॉपी . .’चा कॅशे मोडतो आणि त्याखालच्या सगळ्या पायऱ्या, डिपेंडन्सी इन्स्टॉलसकट, पुन्हा चालतात. ‘.गिट’, लॉग, टेस्टचे रिपोर्ट वगळा. बिल्ड गिटमधून व्हर्जन वाचत असेल तर ते बिल्ड आर्ग्युमेंटने द्या. शिवाय ‘पॅकेज.जेसन’ आणि लॉकफाइल आधी कॉपी करून इन्स्टॉल करा, बाकीचा कोड त्यानंतर.

एक खाचखळगा मी स्वतः अनुभवलाय. गिटची वगळायची यादी, गिटइग्नोर, जशीच्या तशी डॉकरइग्नोर म्हणून ठेवली आणि कॉन्टेक्स्टचा आकडा जवळपास हललाच नाही. गिटमध्ये नुसतं ‘नोड_मॉड्यूल्स’ (इन्स्टॉल झालेल्या पॅकेजेसचा फोल्डर) लिहिलं की ते कुठल्याही पातळीवर लागू होतं. डॉकरमध्ये ते फक्त मुळाशी असलेल्या फोल्डरला लागतं. आमचा फोल्डर ‘फ्रंटएंड’च्या आत होता. ‘**/नोड_मॉड्यूल्स’ लिहिल्यावर काम झालं. हे फक्त वेळेपुरतं नाही: मॅकवर तयार झालेली नेटिव्ह मॉड्यूल्स लिनक्सच्या इमेजमध्ये शिरली तर कंटेनर सुरू होतानाच कोसळू शकतो.

आता मल्टी-स्टेज. 2017 मध्ये डॉकर 17.05 सोबत आलेली ही सोय इमेजचा आकार उतरवते. कंपायलर, हेडर फाइल्स पहिल्या स्टेजमध्येच राहतात आणि शेवटच्या इमेजमध्ये तयार बायनरी तेवढी जाते. वेळ वाचतो तो पुश, पुल आणि डिप्लॉयला. गो किंवा रस्टमध्ये फरक डोळ्यात भरतो. पायथन, नोडमध्ये रनटाइम ठेवावाच लागतो, त्यामुळे तितका नाही. कॉन्टेक्स्ट मात्र जेवढा होता तेवढाच राहतो.

तिसरा मार्ग, म्हणजे कॉपी करून पुढच्या ‘रन’मध्ये ‘आरएम’ने फाइल्स उडवणं, सोडूनच द्या. आधीच्या लेयरमध्ये (आधीच्या पायरीने तयार केलेल्या थरात) त्या फाइल्स तशाच असतात, आकार कमी होत नाही. पासवर्ड ठेवलेली ‘.एन्व्ह’ फाइल अशा तऱ्हेने पुसली तरी इमेज ज्याच्या हाती लागेल त्याला आतले पासवर्ड काढता येतात.

हातात तासभरच असेल तर मी बेधडक डॉकरइग्नोर निवडेन. ती नीट असली आणि मल्टी-स्टेज नसलं तर इमेज जड राहते, पण रोजचा बिल्ड सुटसुटीत होतो. उलट केलंत तर इमेज सडपातळ होते, पण पहिल्या स्टेजमधला ‘कॉपी . .’ प्रत्येक कमिटला तेवढाच वेळ खात राहतो.