स्क्वायर क्लासिक वाइब सिक्स्टीज जॅझ बास: आहे तसा ठेवावा की बदलावा?

हा बास घेतलात तर पहिला खर्च पिकअपवर (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागांवर) करू नका. आधी सेटअप, म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवणं, मग तारा, आणि त्यानंतर महिनाभर रोज वाजवून पुढचं ठरवा. या बासला जे बदल सुचवले जातात त्यातले बरेचसे सेटअप बिघडलेला असतो म्हणून सुचतात.

जॅझ बास फेंडरने १९६० साली आणला: फेंडरच्याच आधीच्या प्रिसिजन बासपेक्षा निमुळता नेक आणि दोन पिकअप. फेंडरचाच स्वस्त ब्रँड असलेल्या स्क्वायरच्या क्लासिक वाइब मालिकेची २०१९ पासूनची आवृत्ती त्याच घाटावर बेतलेली आहे. बॉडी पॉपलरची, नेक मेपलचा, स्केल ३४ इंची, नटपाशी (डोक्याकडे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीपाशी) रुंदी ३८.१ मिमी, फिंगरबोर्डचा रेडियस साडेनऊ इंच, २० अरुंद-उंच फ्रेट, हाडाचा नट, अल्निको चुंबकांचे दोन सिंगल कॉइल पिकअप, दोन व्हॉल्यूम आणि एक टोन. या किमतीच्या वाद्यात हाडाचा नट मिळणं मोठी गोष्ट आहे. तो बदलायला जाऊ नका.

फिंगरबोर्डच्या लाकडाचं नाव इंडियन लॉरेल. हा आपला ऐन, सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात भरपूर दिसणारा. जानेवारी २०१७ मध्ये शिसवीच्या सबंध कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि वाद्यांना त्यातून सूट मिळायला २०१९ चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात बऱ्याच कंपन्या ऐनाकडे वळल्या. ऐन शिसवीपेक्षा फिकट आणि कोरडा दिसतो, म्हणून काही जण तो गडद रंगवतात. रंगवू नका. वर्षातून एकदा-दोनदा फिंगरबोर्डसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार थेंब फडक्यावर घेऊन पुसलं की पुरतं. स्वयंपाकघरातलं तेल मात्र नको. ते चिकट राहतं आणि खवट होतं.

सेटअपचा क्रम असा. बास सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी फ्रेटचा माथा व तार यांत किती फट आहे ते फीलर गेजने मोजा. ती ०.३ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली बाक ठरवणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, कमी असेल तर उलट पाव फेरा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नको. लाकूड स्थिरावायला काही तास द्या आणि पुन्हा मोजा. अ‍ॅलन की घट्ट बसते ना ते आधी बघा, कारण सैल कीने ट्रस रॉडच्या नटाचे कोपरे गुळगुळीत झाले की काम कारागिराकडे जातं आणि महागात पडतं. मग १७व्या फ्रेटवर तारांची उंची: ई तार २.४ मिमी, जी तार २ मिमी. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेल्या सुरापेक्षा) चढा लागला तर सॅडल (बॉडीकडच्या ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) मागे, उतरला तर पुढे. हा क्रम उलटा केला तर सगळं दोनदा करावं लागतं, कारण नेकचा बाक बदलला की उंचीही बदलते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात नेक हलतो, डिसेंबरमध्ये पुन्हा हलतो. वर्षातून दोनदा हे माप घेणं हा या बासचा भाग समजा. देशावरच्या कोरड्या हिवाळ्यात फिंगरबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं कडेला हाताला टोचू लागतात. ती बारीक कानशीने गोल करून घेता येतात आणि मूळपणाला त्याने काही बाधा येत नाही.

पिकअपची उंची ही फुकटात मिळणारी सुधारणा आहे आणि फार थोडे जण तिला हात लावतात. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि चुंबकाच्या माथ्यापासून मोजा: ई तारेखाली साधारण ३.२ मिमी, जी तारेखाली २.४ मिमी. पिकअप तारेला फार भिडले तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर ई तार बेसूर डगमगते आणि दोष बिचाऱ्या इंटोनेशनला लागतो. ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा किंचित वर ठेवा. तिथे तार कमी हलते.

आता गुणगुण. जॅझ बासबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असताना पिकअप एकमेकांची गुणगुण खोडतात, कारण एक उलट गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असतो. एक व्हॉल्यूम जरा खाली घेतला की ती जोडी फुटते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि ई तारेवरच्या तिसऱ्या फ्रेटचा जी सूर ४९ हर्ट्झ. म्हणजे गुणगुण नेमकी वाद्याच्या सुरांतच बसते आणि तो जी सूर वाजवताना दोन्हींचा हेलकावा कानाला जाणवतो. इक्वलायझरने ती कापायला गेलात तर सूरही कापला जातो.

यावर तांब्याची शील्डिंग पट्टी हा उपाय सांगितला जातो. तो करण्यासारखा आहे, पण त्याने काय होणार ते नीट समजून घ्या. शील्डिंग विद्युत-क्षेत्राचा खरखराट कमी करते: एलईडी दिव्यांचा, पंख्याच्या रेग्युलेटरचा, हात तारेवरून उचलला की वाढणारा. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण तिला जुमानत नाही. तिच्यासाठी एक तर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे, नाहीतर दुहेरी कॉइलचे नॉइजलेस पिकअप. आणि दोन्हींच्या आधी घरातलं अर्थिंग तपासा. अँप्लिफायरची तिसरी पिन नुसती नावाला असेल तर बास बदलून काही होणार नाही, आणि तो जिवाचाही प्रश्न आहे.

शील्डिंग करायची तर चिकट बाजूही वीजवाहक असलेली पट्टी घ्या. साध्या डिंकाची असेल तर प्रत्येक जोडावर डाखाचा (सोल्डरचा) ठिपका द्यावा लागतो. दोन पिकअपचे खळगे आणि कंट्रोलचा खळगा आतून मढवा, पट्ट्या एकमेकींवर ५ मिमी चढवा आणि तिन्ही खळगे एका तारेने अर्थला जोडा. मल्टिमीटरने कोणत्याही दोन टोकांत सलगता दिसायला हवी. इथे एक चूक वारंवार होते. जॅझ बासचा जॅक कंट्रोल प्लेटवरच असतो आणि त्याचा सिग्नलचा कान खळग्याच्या भिंतीला अगदी लागून येतो. केबल खुपसली की तो पट्टीला टेकतो आणि आवाज गायब. तेवढ्या भागावर इन्सुलेशन टेप लावा.

व्हॉल्यूम-टोनचे पॉट (बटणांखालचे फिरते रोधक) बदलायचे असतील तर मूळ कंट्रोल प्लेटला हात लावू नका. बारीक दांड्याचे पॉट असतील तर मोठ्या पॉटसाठी प्लेटची भोकं ९.५ मिमीपर्यंत वाढवावी लागतात आणि मग जुने पॉट तिच्यात परत नीट बसत नाहीत. वेगळी प्लेट घ्या, नवं सगळं तिच्यावर उभारा, जुनी जोडणीसकट पिशवीत ठेवा. फक्त स्क्रूच्या भोकांचं अंतर आधी मोजा. अमेरिकन मापाची प्लेट प्रत्येक आयात बासवर बसतेच असं नाही. पॉट २५० के (किलो-ओहम), ऑडिओ टेपर, कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरड. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेताना पॉटवरचं अक्षर वाचा: ए म्हणजे ऑडिओ, बी म्हणजे लिनियर. शंका असेल तर दांडा मध्यावर ठेवून मीटर लावा. मधला कान आणि एक टोक यांत १२५ के आले तर तो लिनियर. त्याने आवाज सगळा शेवटच्या टप्प्यात घसरतो. डाख देताना पॉटची पाठ पॉलिश पेपरने घासा आणि ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरा. २५ वॅटचं आयर्न पाठ तापवू शकत नाही, डाख वर नुसता बसून राहतो आणि सहा महिन्यांनी खरखर सुरू होते.

एक बदल मात्र मनापासून सुचवतो. टोनच्या जागी खेचून उघडणारा पुश-पुल पॉट आणि त्यावर दोन्ही पिकअप सिरीजमध्ये जोडणं. मूळ जोडणी पॅरलल असते. सिरीजमध्ये आवाज चढतो, मधला पट्टा भरतो, प्रिसिजनच्या जवळ जातो आणि गुणगुणही खोडलेली राहते. लाकडाला ओरखडा न काढता दुसरा बास मिळतो.

पिकअप? मूळचे चांगले आहेत. बदललेच तर हे लक्षात ठेवा की ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा साधारण ३ मिमी लांब असतो. दोन सारखे मागवलेत तर एक खळग्यात बसणार नाही, आणि मग कुणीतरी छिन्नी हातात घेतं.

ब्रिजवर सर्वाधिक पैसे वाया जातात. जाडजूड ब्रिजने सूर जरा लांबतो, पण जो फरक पडतो तो तारांचा नवा संच लावल्यावर पडतो त्याहून कमी. मूळचा वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज सूर धरतो, खडखडत नाही, हलका आहे. सॅडल सरकत असतील तर बदला, पण पाच स्क्रूंच्या त्याच भोकांत बसणारा घ्या, आणि ब्रिजखालची अर्थची तार नव्या धातूला टेकली आहे याची खात्री करा. उंच ब्रिज लावला की तारा खाली येत नाहीत. मग नेकखाली पाचर घालावी लागते आणि एका बदलाच्या पोटी दुसरा येतो. पॉपलर मऊ आहे. स्क्रू फिरत राहू लागला तर भोकात फेव्हिकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोका, दिवसभर वाळू द्या, मग स्क्रू हाताने आवळा.

बॉडीत प्रीअ‍ॅम्प (अँप्लिफायरआधी आवाज घडवणारं सर्किट) बसवण्याच्या मी विरोधात आहे. नऊ व्होल्टच्या बॅटरीसाठी जागा कोरावी लागते आणि ती कोर कायमची. तोच प्रीअ‍ॅम्प पायापाशी पेडल म्हणून ठेवा. कोणत्याही बासला लागतो आणि विकतानाही वेगळा विकतो. बासवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बासमध्ये कारागीर रॉजर सॅडोस्कीने प्रीअ‍ॅम्प आणि बॅडअ‍ॅस ब्रिज बसवला, हे उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. बासवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बासचे फ्रेट काढलेले होते आणि फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तो इपॉक्सी होता, हेही. पण हे बदल झाले तेव्हा ती वाद्यं म्हणजे रोजच्या वापरातले साधे बास होते, आजच्यासारखी संग्रहातली नव्हेत. उलट बासवादक जेम्स जेमर्सनचा १९६२ चा प्रिसिजन जवळपास कारखान्यातून आला तसाच होता: जाड, गुळगुळीत गुंडाळीच्या फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, बस.

साठच्या दशकातला खरा फेंडर हाती लागला तर हा सगळा लेख उलटा वाचा. तिथे शील्डिंग नको, पॉट नको, डाखालाही हात नको. पॉटच्या पाठीवरचे आकडे वाद्याचं वय सांगतात: १३७ म्हणजे सीटीएस आणि ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही पॉट बनवणारी कंपनी, पुढे वर्ष आणि आठवडा. न छेडलेला डाख हा तिथे पुरावा असतो. नुसता रंग पुन्हा दिला तर किंमत जवळपास निम्मी होते, हा बाजारातला रूढ हिशेब. खराब पॉट आधी कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन बघा. बदलावाच लागला तर जुना त्या वाद्याबरोबर पेटीतच राहिला पाहिजे.

फ्रेटलेस हवा असेल तर या स्क्वायरचे फ्रेट उपटू नका. नेक चार स्क्रूंवर बसतो, वेगळा फ्रेटलेस नेक घ्या. बॉडीतली नेकची खाच आधी कॅलिपरने मोजा, ६३.५ मिमी असेल तर पर्याय भरपूर मिळतात. स्क्रू काढण्याआधी तारा पूर्ण सैल करा. काढलेला प्रत्येक भाग झिप पिशवीत, वर तारीख, आत सिलिका जेलची पुडी. आणि डाख वितळवण्याआधी जोडणीचे दोन फोटो, एक वरून, एक तिरपा, म्हणजे पॉटच्या मागे गेलेली काळी तार कुठे होती ते दिसतं.