तुर्भ्यात जुनं मायनिंग मशीन घेतलं आणि 98,150 रुपये घालवले

ऑगस्ट 2024 मध्ये तुर्भे एमआयडीसीतल्या एका गाळ्यातून मी बिटकॉइन कमावण्यासाठी दिवसरात्र गणितं करणारं मायनिंग मशीन घेतलं: वापरलेलं अँटमायनर एस19जे प्रो, 100 टेराहॅशचं (टेराहॅश म्हणजे गणिताचा वेग). 20,000 यूपीआयने दिले, 72,000 रोख. टेम्पोला 1,800. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात 16 अँपिअरची वेगळी लाइन ओढायला 4,350.

हाव सुटली होती असं कुणी म्हणू नका, मी हिशेब केला होता. मशीन 3,050 वॅट खातं, म्हणजे दिवसाला 73 युनिट. 9 रुपयांनी 657. रोजचे 850 सुटतात म्हणून विकणाऱ्याने स्क्रीनशॉट दाखवला. 193 उरले तरी सोळा महिन्यांत मशीन फिटलं असतं. पण तो स्क्रीनशॉट एप्रिल 2024 च्या हाल्व्हिंगच्या, म्हणजे मायनिंगचं बक्षीस निम्मं झालं त्याच्या, आधीचा निघाला! ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे, मिळणारे 6.25 बिटकॉइन तेव्हापासून 3.125 झालेत. विकणाऱ्याचा हिशेब धरूच नका, त्याच दिवशी स्वतः काढा.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. मशीनच्या दोन्ही वायरी त्याने साध्या एक्स्टेंशन बोर्डात खोचल्या होत्या. पिन 6 अँपिअरची, शेजारी त्याचा मोबाइल चार्जिंगला. 3,050 वॅट म्हणजे तेरा अँपिअरच्या वर. ती वायर चटका बसेल इतकी तापायला हवी होती. मी हात लावला, नुसती कोमट. वीस वर्षं मोटर रिवाइंडिंग करणारा माणूस मी, मशीन पूर्ण ताकदीने चालत नाहीये हे मला तिथेच कळायला हवं होतं. पण पंख्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना, लॅपटॉपवर 100 चा आकडा दिसत होता आणि 'दुसरं गिऱ्हाईक निघालंय' म्हणून त्याने घाई लावली होती. वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर माझ्याच स्कूटरच्या डिकीत होता.

गाळ्यावर आणून माझ्या पूलला (अनेक मशीनं एकत्र मायनिंग करून कमाई वाटून घेतात ती ऑनलाइन सेवा) जोडलं तर 33 टेराहॅश. गणितं करणाऱ्या तीन सर्किट बोर्डांपैकी, म्हणजे हॅशबोर्डांपैकी, दोन मेलेले, मशीनमधलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) बदलून आकडा खोटा दाखवलेला. लॅपटॉपवर मशीनच्या पानावर दिसणारा आकडा खरा मानू नका, स्वतःच्या पूल खात्यावर 24 तासांची सरासरी बघा. तेवढं थांबायला तो तयार नसेल तर उठून या.

आता पोलिसांचं. ठाणे शहराच्या पोलिसांकडे गेलो तर म्हणाले, व्यवहार नवी मुंबईच्या हद्दीतला. नवी मुंबईत गेलो तर म्हणे, तुम्ही राहता ठाण्यात, आणि जुन्या मालाचा वाद दिवाणी असतो. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही पोलीस चौकीत नोंदवता येणारा गुन्हा, कायद्यात आहे, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं 318 कलम आहे, हे मी त्यांना सांगायचं? एका साहेबांनी तर मलाच विचारलं, बिटकॉइन बेकायदेशीर ना? अहो, सरकार 2022 पासून त्याच्या नफ्यावर 30 टक्के कर घेतंय! 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पण फक्त 20,000 ची. रोखीची पावती आणा म्हणाले. चार फेऱ्या झाल्या, चार दिवस गाळा बंद. रोख देऊच नका, आणि पावतीवर मशीनचा सीरियल नंबर लिहून घ्या.

परवा त्याची जाहिरात पुन्हा दिसली. नंबर नवा, फोटो माझ्याच मशीनचा, पंख्याच्या जाळीची डावी कड वाकलेली. भाव 88,000 लावलाय. मशीन माझ्या गाळ्यात आहे, फोन करू नका.