घरी ओतलेल्या गोळ्या: अलॉक्स की पावडर कोटिंग?

.३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसासाठी वॅडकटर, म्हणजे कागदी लक्ष्यासाठीच्या सपाट तोंडाच्या शिशाच्या गोळ्या, घरी ओतायला लागून तुम्हाला चार-सहा महिने झाले असतील, तर साच्याचं तंत्र आता हातात बसलं असेल. साचा थंड असला की सुरकुत्या पडतात, फार तापला की गोळी पिठूळ दिसते, हे पुन्हा सांगत नाही. पुढचा प्रश्न, नळीत शिसं चिकटू नये म्हणून गोळीवर लावायचं काय, हा आहे. अलॉक्सचं द्रव मेण, की पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पावडर भाजून बसवलेला थर? मी दोन वर्षं पहिलं वापरलं आणि आता दुसरं वापरतो. ते का, ते सांगतो. तुमचं रिव्हॉल्व्हर वेगळं असेल, तुमचा अनुभवही वेगळा येऊ शकेल.

मी ओहायोत राहतो आणि ५० यार्डांवर एका हाताने, कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतो. लेक ईरीच्या काठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथल्या रांगेत उभं राहण्यासाठी मी वर्षभर सराव करतो. ५० यार्डांच्या लक्ष्यावर दहा गुणांचा गोल ३.३६ इंचांचा असतो. माझा हात जेवढा हलतो तेवढा हलणारच. त्यात गोळीने आपली भर घालू नये, एवढीच माझी अपेक्षा. (भारतातल्या वाचकांसाठी: तिकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं तयार करता येत नाहीत. त्यामुळे हे लेखन इथल्या मंडळींसाठी आहे.)

दोन्हींच्या आधी माप. नळीत शिसं चढायला लागलं की बहुतेक जण मिश्रणाला दोष देतात आणि आणखी कडक धातू शोधायला लागतात. मीही तेच केलं. माझी चूक मात्र मापात होती. मी गोळ्या .३५७ इंच व्यासावर आणत होतो, आणि माझ्या सिलिंडरची तोंडं .३५८ ची निघाली. गोळी सैल असली की गरम वायू तिच्या कडेने निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीला चिकटवतो. मग ते घासून काढण्यात अख्खा रविवार जातो. मऊ धातूची एक गोळी सिलिंडरच्या पुढच्या तोंडातून बोटाने ढकलून बघा. थोड्या जोराने सरकली तर माप बरोबर, टपकन खाली पडली तर नाही. हे जमलं नसेल तर या लेखातली दोन्ही उत्तरं तुमच्या उपयोगाची नाहीत. मिश्रणाचं म्हणाल, तर गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात त्या जुन्या वजनांच्या शिशात थोडं कथील घातलेलं मला पुरतं. कल्हई करताना भांड्यावर पसरतं तेच कथील इथे रस पातळ करतं आणि साच्याचे कोपरे भरतात. वॅडकटरची धार त्या कोपऱ्यांतूनच येते.

आता अलॉक्स. स्वस्त, सोपं, आणि ओव्हन लागत नाही. डब्यात गोळ्या घ्यायच्या, वर थोडं अलॉक्स ओतायचं, डबा फिरवायचा आणि मेणकागदावर पसरून रात्रभर ठेवायच्या. दिसायला काकवीसारखं तपकिरी. अडचण अशी की इथल्या दमट जुलैमध्ये ते काकवीसारखंच राहतं, पुरतं वाळत नाही. बोटं चिकट होतात, धूर जास्त होतो, तेही चालवून घेतलं असतं.

चालवून घेता आलं नाही ते वेगळंच. वॅडकटर काडतुसाच्या काठाशी सपाट बसवतात. काडतुसं भरायच्या प्रेसमधला जो दांडा गोळी खाली दाबतो, त्याच्या तोंडाला प्रत्येक गोळीचं थोडं थोडं अलॉक्स लागत जातं. पहिल्या दहा काडतुसांवरून नख फिरवलं तर काठ आणि गोळी एका पातळीत. चाळिसाव्यावर नख अडकायला लागलं, कारण गोळी काठाच्या खाली गेली होती. दांडा काढून पाहिला तर त्याच्या तोंडाला मेण आणि शिशाचा कीस मिळून टणक थर बसलेला. गोळी जितकी आत, तितकी दारूला जागा कमी आणि दाब जास्त. वॅडकटरमध्ये ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. टेकूवरून मारताना सात-आठ भोकं एकमेकांना लागून पडायची आणि दोन खाली उतरायची. कित्येक महिने त्या दोन गोळ्यांचा दोष मी माझ्या बोटाला देत होतो. ट्रिगरचा सराव वाढवला, मूठ बदलली. ते सगळे दिवस परत आले असते तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

उपाय नाहीत असं नाही. अलॉक्स पातळ करून लावा, गोळीचं तोंड पुसा, दर वीस काडतुसांनी दांडा धुवा. मी हे तिन्ही केलं आणि फरकही पडला. पण महिन्याला सहाशे गोळ्या लागतात तेव्हा सहाशे तोंडं पुसायला बसवत नाही.

पावडर कोटिंगचं काम जास्त आहे, हे आधीच सांगतो. तळाला ५ चा त्रिकोण असलेला दह्याचा रिकामा डबा, त्यात गोळ्या, थोडी पावडर आणि प्लॅस्टिकचे काळे मणी. मिनिटभर जोरात हलवलं की घर्षणाच्या विजेने पावडर धरते. मग चिमट्याने एकेक गोळी उभी करायची आणि २०० अंश सेल्सिअसला वीस मिनिटं भाजायची. गोळी एक-दोन हजारांश इंच जाड होते, म्हणून नंतर पुन्हा मापात आणावी लागते. दमट दिवशी पावडर नीट धरत नाही, मी तो दिवस सोडून देतो. पाण्यात टाकून कडक केलेल्या गोळ्या भाजताना पुन्हा मऊ होतात, तेही लक्षात ठेवा. आणि ज्या ओव्हनमध्ये शिसं गेलं त्यात अन्न कधीही नाही. हा ओव्हन गॅरेजमध्येच, पंखा चालू, मुलं आत नाहीत, कपडे वेगळे. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं मी तपासून घेतो. हे अलॉक्सवाल्यांनीही करावं.

पण मग काडतुसं भरायला बसलो की गोळी कोरडी, गुळगुळीत, हिरवी. शंभरावं काडतूस पहिल्यासारखंच. नख कुठे अडकत नाही. नळी दोन पुसण्यांत स्वच्छ होते. खाली उतरणाऱ्या त्या दोन गोळ्या नाहीशा झाल्या असं म्हणणार नाही, पण आता एखादी उतरली तर ती माझ्या बोटाची असते आणि तिच्यावर काम करता येतं.

क्लबातले एक ज्येष्ठ नेमबाज गोळीच्या अंगावरच्या खाचा घट्ट मेणाने भरतात, आणि ५० यार्डांवर त्यांचा ग्रुप माझ्यापेक्षा लहान असतो. त्यातलं किती मेणाचं आणि किती त्यांच्या चाळीस वर्षांच्या हाताचं, मला सांगता येणार नाही. तुमच्याकडे ओव्हनला जागा नसेल किंवा महिन्याला शंभरच गोळ्या लागत असतील, तर अलॉक्सच घ्या. फक्त दहा-दहा काडतुसांनी काठावर नख फिरवून बघा, आणि ते अडकलं की पुढचं काडतूस भरण्याआधी दांडा काढून पुसा.